शिडी धरायला माणूस

फळबागेच्या हंगामाला येणारे लोक त्याला शंकासुर म्हणत. साठी उलटलेली. काही महिने बागेत, पत्र्याच्या खोलीतल्या खाटेवर. उरलेले लेकाच्या घरी. खोलीत आणखी तिघे होते, पण तो भिंतीला पाठ लावून एकटाच जेवे. कोणी "काका, जेवलात का?" विचारलं, की याला माझ्या डब्याशी काय करायचंय, याचा विचार करत झोपी जाई.

शिडीचं काम जोडीनं चाले. एकानं वर फळं तोडायची, दुसऱ्यानं खाली शिडी धरायची. इतकी वर्षं त्याची शिडी साडूनं धरली. साडूवर विश्वास होता असं नाही. पण शिडी सोडली तर त्याला घरी मेहुणीपुढे जाब द्यावा लागला असता, एवढी खात्री होती. यंदा साडू गुडघे धरून घरी बसला. मुकादमानं बजावलं, "आजच्या आज जोडीदार शोधा, काका. नाहीतर उद्या घरचा रस्ता."

एक जण फार गोड बोलत होता, म्हणून बाद. दुसरा काहीच बोलत नव्हता, तो तर सरळच बाद. उरला यंदाच पहिल्यांदा तोडणीला आलेला एक म्हातारा ट्रकड्रायव्हर. त्यालाही कोणी जोडीला घेतलं नव्हतं. त्यानं आधी शिडीची पायरी न् पायरी हलवून पाहिली, मग शंकासुराला नखशिखान्त न्याहाळलं.

"तुम्ही चढा, मी धरतो," शंकासुर म्हणाला.

"म्हणजे मी वर, आणि तुम्ही चहाला."

"आणि मी चढलो, तर तुम्ही कुठे जाणार?"

"मी कुठे जातोय? मला इथे ओळखतं कोण?"

हे उत्तर जरा जास्तच खरं वाटलं. त्यामुळे दोघंही बराच वेळ शिडी धरून खालीच उभे राहिले. इतकी घट्ट धरलेली शिडी अख्ख्या बागेत दुसरी नव्हती. फक्त वर कोणी नव्हतं.

रांगेच्या टोकाला मुकादम दिसला, तसा शंकासुर नाइलाजानं चढला. दर फळामागे तो खाली पाही.

"खाली काय बघताय? फळं वर आहेत," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि तुम्ही टक लावून काय बघताय?"

"पडलात तर नाव माझं येईल."

मुकादमानं दोघांकडे पाहिलं, मान डोलावली आणि तो पुढे गेला.

"गेला तो. उतरा, आता माझी पाळी."

"मी दमलो नाहीये."

कित्येक हंगामांत त्याच्याकडे इतकं लक्ष देऊन कोणी पाहिलं नव्हतं. यात याचा काय डाव असावा, याचा विचार करत शंकासुर आणखी एक पायरी वर गेला.