बाईंचा स्वतःचा पोर्टफोलिओ

शिकवताना बाईंना एका जागी उभं राहवत नसे. सगळा पैसा एका ठिकाणी अडकवू नका, हा पोर्टफोलिओचा, म्हणजे एकूण गुंतवणुकीचा, पहिला नियमही त्या येरझाऱ्या घालतच सांगत. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमचा पैसा कुठे आहे?"

वर्ग हसला. बाईंनी थाप मारली असती तर खपली असती. दारापर्यंत एक फेरी मारून त्यांनी फळ्यावर लिहिलं : एकच कंपनी, शंभर टक्के.

"धाकट्या भावाची आहे. शेअर विकले तर त्याच्या मनाला लागेल, म्हणून सहा वर्षं चालढकल करतेय. द्या आता सल्ला."

कुणी हसेना.

"विका," ती मुलगी म्हणाली, "पण आधी त्यांना तुम्हीच सांगा, मॅडम. बाहेरून कळायला नको."

तास संपायला वीस मिनिटं होती. भावाला फोन करायचं मनाशी ठरवलेल्या बाईंची ती सरता सरेनात.