नव्या बेल्टांची पूजा

मुलुंडला एका रीडेव्हलपमेंटच्या साइटवर मी सेफ्टी ऑफिसर होते. कंपनीने नवं सॉफ्टवेअर आणलं. धोका कुठे आहे, कोणाला काय सामान दिलं, सगळं मोबाईलवर. ठीक असेल तर हिरवं, नसेल तर लाल. मला खरंच आनंद झाला होता. इमारतीबाहेरच्या परांचीवर उभं राहून रंग देणाऱ्यांसाठी मी कधीपासून सेफ्टी बेल्ट मागत होते. लाल खूण दिसली आणि हेड ऑफिसने मुकाट्याने ते पाठवले.

बेल्ट आले ते थेट स्टोअरकीपरच्या कपाटात गेले. माणूस वाईट नव्हता. आपल्याकडे टीव्हीचा रिमोट नाही का प्लास्टिकमध्येच म्हातारा होत? त्यातलाच तो. त्याने कपाटापाशी बसूनच एकेक बेल्ट एकेका रंगाऱ्याच्या नावावर स्कॅन केला आणि मोबाईल हिरवागार झाला.

मी भांडले. "अहो, माणसांना द्या ना ते!"

"देऊ की मॅडम. नवे आहेत, आत्तापासून मळवायचे कशाला?"

वर कळवलं, तर उत्तर आलं की सिस्टीममध्ये बेल्ट दिलेले दिसताहेत. पालथ्या घड्यावर पाणी. मानखुर्दहून येणारा एक रंगारी होता, जिभेचा तिखट. तो मला चिडवायचा, "मॅडम, तुमच्या मोबाईलात मी बेल्ट लावूनच फिरतो ना? मग बस झालं." मला हसू यायचं आणि संतापही.

खंडेनवमीला साइटवर हत्यारांची पूजा झाली. ड्रिल, थापी, मिक्सर यांच्या रांगेत बेल्टही मांडले. प्लास्टिकवरूनच हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. मी म्हटलं, आता बाहेर काढलेच आहेत तर वाटून टाका. स्टोअरकीपरने कानाला हात लावला. "आज हत्यार वापरत नाहीत, मॅडम." बेल्ट परत कपाटात गेले.

दसरा झाला, काम सुरू झालं आणि मानखुर्दचा तो रंगारी परांचीवरून पडला. जागच्या जागी गेला.

चौकशीची माणसं येईपर्यंत प्लास्टिक फाडून बेल्ट वाटून झाले होते. खाली रांगेत उभा असलेला प्रत्येक रंगारी बेल्ट लावून होता. मी ओरडून सांगितलं की हे आत्ता दिलेत. त्यांनी मोबाईल पाहिला आणि कारण लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

त्याची बायको त्याचा डबा आणि कपडे न्यायला आली. रडत नव्हती, भडकलेली होती.

"बेल्ट दिलेला, तर लावला का नाही मेल्याने? एवढं पण होईना त्याच्याकडून?"

"अहो, दिलाच नव्हता त्यांना. कपाटात होता. मी सांगते ना."

तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"तुम्ही चांगल्या आहात मॅडम, त्याची चूक झाकताय. पण साहेबांनी दाखवलं मला मोबाईलात. त्याच्या नावापुढे हिरवं होतं."