देवकाबाईचे उलटे डबे

चार बायका मेथी निवडायला बसल्या की एक ढीग पानांचा होतो, एक काड्यांचा, अन् तिसरा किश्श्यांचा. पानांची भाजी होते, काड्या बकरीला जातात. तिसऱ्या ढिगाचं काय करायचं? दरवर्षी वाढतच चाललाय! म्हटलं, लिहून टाकू. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं. साखर डब्यात ओतायची अन् कागद वाचूनच चुलीत घालायचा. त्यामुळे अर्ध्या बातम्यांचा शेवट मला अजून माहीत नाही. पण लिहायला मी कोणाच्या बापाला भीत नाही.

तर आम्ही चौघी, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या एकाच गल्लीतल्या. मला सगळ्या 'मास्तरीण' म्हणतात, निम्म्या कौतुकाने, निम्म्या टोमण्याने. नलू, ऑटोवाल्याची बायको. तिचा आवाज नवऱ्याच्या हॉर्नपेक्षा मोठा. विमलताई, पवनारकडे थोडी शेती असलेली, बोलायला गोड, देण्याघेण्यात पक्की. अन् देवकाबाई. नवरा सूतगिरणीत होता, तो गेला. पेन्शन थोडकी, घर मात्र स्वतःचं. एकुलता एक मुलगा प्रशांत पुण्याला.

त्या प्रशांतचं एकच पालुपद: "आई तिथं एकटी हाल काढते. तिले पुण्याले आणतो अन् घर भाड्यानं देतो." अन् देवकाबाईचं एकच उत्तर: "माझ्या घरातून मले पाय पुढे करूनच नेजो!"

*

आमचा बाजार दिवे लागल्यावर. भाजीवाले पोती झटकायला लागले की आम्ही चौघी पिशव्या घेऊन हजर. तेव्हा वांगी ढिगाने मिळतात अन् कोथिंबीर फुकट. मऊ टमाटे त्याच रात्री चटणीत, कडक टमाटे आठवड्याला. यात लाज कसली? भाजी तीच, फक्त दिवसभर तिनेही ऊन खाल्लेलं असतं.

एकदा नलू सहज सकाळी अकरा वाजता बाजारात गेली. तिला पाहिल्याबरोबर एक भाजीवाला घाबरून पोतं गुंडाळायला लागला.

"काऊन रे, बंद करून राह्यला?"

"मावशी, तुम्ही दिसल्या तं मले वाटलं, संध्याकाळ झाली!"

*

देवकाबाईचा हिशोब आधी सांगते. पेन्शन आली की लाइटबिल, गॅस अन् बीपीच्या गोळ्या आधी बाजूला. उरलेल्यात आठवड्याचा किराणा आठवड्यालाच. फळीवर लग्नातले स्टीलचे डबे ओळीने मांडलेले, पण त्यातले दोन-तीनच भरलेले असायचे. बाकी घासूनपुसून उलटे. म्हणायची, "डबा भरलेला दिसला की माझा हात सैल होते. मूठभराच्या जागी दोन मुठी पडते."

गॅस वाचवायची तिची रीत तर आमच्या गल्लीत सगळ्यांनीच उचलली. वरणाला एक उकळी आणायची, पातेल्यावर घट्ट झाकण, अन् पातेलं गोधडीत गुंडाळून खाटेवर. दोन तासांत डाळ अशी मऊ होते की घोटायची गरज नाही.

एकदा प्रशांतचे सासरे नागपूरहून अचानक आले. खाटेवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. बिचारे चपला काढून पावलं न वाजवता आत आले, खुर्चीच्या काठावर बसले अन् हळूच विचारलं, "कोण आजारी आहे?"

देवकाबाई म्हणाली, "वरण हाये."

पोटभर जेवले. वाटी पुढे करून वरण मागून घेतलं. अन् नागपूरला पोहोचून जावयाला फोन: "तुझ्या आईकडे गॅसलाही पैसे नाहीत रे. अंथरुणात स्वयंपाक करतात!"

*

दिवाळीला प्रशांत बायकोला घेऊन आला. सूनबाई चांगली आहे, उगाच नाव ठेवणार नाही. तिला ताटातली एक चटणी फार आवडली. तीळ, लसूण अन् हिरवं काहीतरी खरपूस भाजलेलं. तीनदा घेतली.

"आई, कशाची हो ही?"

"दोडक्याच्या शिरांची."

"अय्या! मी तर त्या फेकून देते!"

देवकाबाईने हातातला पळा खाली ठेवला. सुनेकडे नाही, मुलाकडे पाहिलं. "शिरा कचऱ्यात टाकते तुमचं घर, अन् हाल मी काढून राह्यली?"

तरी पोराच्या मनातलं जात नव्हतं. कंजूष माणूस दुसऱ्याच्या ताटातलं वाचवतो, काटकसरी माणूस आपल्या चुलीवरचं. हा फरक नोकरीवाल्या पोरांना कोण शिकवणार?

*

पापड आमच्याकडे एकटीने कोणी लाटत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. मजुरी म्हणजे लाट्या. पापडाच्या पिठाची गोळी तेलात बुडवून खायची, लाटणाऱ्या बाईचा तो हक्कच. त्या वर्षी देवकाबाईकडे पाळी होती. नलूचं एक हात लाटणं अन् दुसरा हात तोंडात असं चाललेलं. संध्याकाळी विमलताई म्हणाली, "पीठ तं बरंच भिजवलं होतं. पापड काऊन कमी भरले?"

देवकाबाई शांतपणे, "भरले बरोबर. अर्धे खाटेवर वाळून राह्यले, अर्धे नलूच्या पोटात."

*

त्यानंतरच्या हिवाळ्यात घात झाला. देवकाबाईचा व्हिडिओ कॉल सुरू होता. मोबाइल धरलेला वाकडा, त्यामुळे प्रशांतला आई दिसायच्या जागी फळी दिसली. ओळीने उलटे डबे.

"आई, सगळे डबे रिकामे?"

"हौ, मंग? शनिवार हाये आज. उद्या बाजार."

तो काही ऐकेना. "बस झालं. मी येतो अन् तुला घेऊनच जातो. तुझंही तिकीट काढतो."

देवकाबाई त्या दिवशी आमच्यात येऊन बसली, पण मेथीला हात लावला नाही. म्हणाली, "याच्या घरी मले सगळं भेटंन वं. पन तिथं मी काय शिजवू अन् काय वाचवू? बसून खायची मी!" अन् पदराने नाक पुसलं. देवकाबाईला रडताना मी नवऱ्याच्या मयतीनंतर तेव्हाच पाहिलं.

आता तिला उघड काही द्यावं, तर घेणार नाही. वाटीभर साखर नेली तरी वाटी भरूनच परत करणारी बाई. प्रशांत यायच्या आदल्या दिवशी ती नातलगाकडे पवनारला गेली अन् किल्ली माझ्या दारामागच्या खिळ्याला लावून गेली. मी म्हटलं, हीच वेळ. गेले, दोन डबे सुलटे केले, भरले, कुलूप लावून आले. कोणाला बोलले नाही. चांगलं काम करून गावभर सांगत फिरणं मला आवडत नाही.

दुपारी विमलताई आली. "मास्तरीण, किल्ली दे वं. देवकाबाईच्या तुळशीले पाणी घालतो." देवकाबाईच्या दारात तुळस कधीच नव्हती. मी किल्ली दिली. संध्याकाळी नलू आली. "माझी मांजर तिच्या घरात अटकली वाट्टे." नलूकडे मांजर नाही!

*

दुसऱ्या दिवशी देवकाबाई अन् प्रशांत एकाच वेळी दारात पोहोचले. एक बसने, एक रेल्वेने. आम्ही तिघी सहज आल्यासारखं करून आधीच ओट्यावर बसलेल्या. त्यांच्या मागोमाग आम्हीही आत. प्रशांतने फळीकडे पाहिलं. सगळे डबे सुलटे, एकही उलटा नाही. माझी छाती फुगली.

"चहा मी करतो," म्हणून त्याने साखरेसाठी पहिला डबा उघडला. तुरीची डाळ.

दुसरा उघडला. तुरीची डाळ.

तिसरा. तुरीची डाळ.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. शेतातली तूर नुकतीच निघालेली. विमलताईच्या घरी डाळ, नलूच्या भावाने पाठवलेली डाळ, मी गिरणीतून भरडून आणलेलीही डाळच! जी गेली तिने सुलटे डबे पाहिले अन् ते देवकाबाईचेच समजून उरलेल्यांत आपली डाळ ओतली. लहान डबीही सोडली नव्हती. चहापत्तीच्या डबीत डाळ!

नलू छताकडे पाहायला लागली. विमलताईने पदर तोंडाला लावला.

"आई, हे काय?"

देवकाबाईने एकदा डब्यांकडे पाहिलं, एकदा आमच्या तिघींकडे. त्या नजरेने दूध फाटलं असतं. मग मुलाला म्हणाली, "तुले वरण आवडते ना?"

"अगं पण एवढं? बरं, ते जाऊ दे. सामान बांध, उद्याची गाडी आहे."

"कशी येऊ? एवढी डाळ टाकून?"

"सोबत घेऊ."

"पुन्याच्या पान्यात वर्ध्याची डाळ शिजत नाई."

"मग या काकूंना देऊन टाक."

"त्याईच्या घरी काय कमी हाये?" हे मात्र तिने आमच्याकडे पाहून, दात आवळून म्हटलं. "अन्न मी कधी वाया घातलं नाई, बापू. ही डाळ संपली की येतो."

प्रशांत त्याच आईच्या हातचं खाऊन मोठा झालेला. पिशवी उचलली अन् एकटाच गेला.

तो गल्लीच्या वळणाआड होताच देवकाबाई आमच्यावर फिरली, "तिघी-तिघी गेल्या, अन् एकीलेही दुसरं काही सुचलं नाई? थोडी साखर तं टाकाची!"

पुढे महिनाभर आमच्या तिन्ही घरी वाट्या येत राहिल्या. आंबट वरण, डाळभाजी, वरणफळं. वाटी रिकामी ठेवायची नाही ना!

*

वर्षभर प्रशांतचा दर रविवारी फोन. "आई, डाळ संपली का?"

"हाये अजून."

तो यायचा असला की आधी कळवायचा, अन् आम्ही तिघी पुन्हा डबे भरायचो. आता ठरवून. पण डाळच, दुसरं काही नाही!

या उन्हाळ्यात मात्र आम्ही गाफील राहिलो. देवकाबाईकडे पापड चालले होते. चौघी जमिनीवर, हात पिठाचे, फळीवर सगळे डबे उलटे. अन् दारात प्रशांत. न कळवता.

त्याने फळीकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळू. नलूच्या हातातली लाटी हातातच राहिली. "गेली आपली देवका," ती माझ्या कानात म्हणाली. देवकाबाईने मान वर केली नाही. एकच पापड लाटत राहिली, इतका पातळ की खालचा पाट दिसायला लागला.

प्रशांत तसाच बाहेर गेला. ऑटो सुरू झाल्याचा आवाज आला.

बऱ्याच वेळाने ऑटो परत आला. प्रशांत आत आला तो खांद्यावर गोणपाटाचा कट्टा घेऊन, घामाने निथळत. कट्टा त्याने आमच्या मधोमध ठेवला अन् तोंडाची सुतळी सोडली. तुरीची डाळ.

"आई," तो म्हणाला, "डबे सुलटे कर."