उघडा चाकू खाली ठेवायचा नाही

आमच्या घरात काहीही कापायचं, सोलायचं, उसवायचं किंवा उघडायचं असलं की हाक एकच असे, "भाऊजी!" भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते पॅकिंग खात्यात लागले आणि त्याच खात्याचे मुकादम म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात एक मिटता चाकू कायम असे. लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, पातं घासून घासून बारीक झालेलं. तो त्यांनी कधी कुणाच्या हातात दिला नाही. कुणी "जरा चाकू द्या हो" म्हटलं तर म्हणत, "चाकू मागू नका, काम सांगा." मग काम औषधाच्या बाटलीचं असो नाहीतर नव्या शर्टाच्या चिठ्ठीचं, ते चष्मा चढवून उठत, नखाने पातं बाहेर काढत, काम करत आणि समोरचा काही बोलायच्या आत चाकू मिटून खिशात टाकत.

ताई म्हणायची, "माझं लग्न झालं तेव्हा हा आधीच यांच्या खिशात होता. सवतच ती."

"तिला धार आहे," भाऊजी म्हणायचे, "पण ती बोलत नाही."

चाकू लगेच मिटण्याची सवय खात्यातली. पॅकिंगच्या टेबलावर कागद, पुठ्ठ्याचे तुकडे, लाकडाचा भुसा यांचा ढीग असतो. त्यात उघडा चाकू ठेवला की तो दिसेनासा होतो आणि पुढचा माणूस ढिगात हात घालतो. भाऊजींच्या एका सोबत्याची बोटं अशीच गेली होती. तेव्हापासून त्यांच्या खात्यात नियम झाला: उघडा चाकू हातात, मिटलेला खिशात, तिसरी जागा नाही. घरीसुद्धा ताईने भाजी चिरताना सुरी ओट्यावर ठेवली की ते येता-जाता ती उचलून मांडणीत अडकवत, आणि ताई ती पुन्हा शोधत बसे.

निवृत्तीनंतर थोड्याच काळाने त्यांना अर्धांगाचा झटका आला. काठी घेऊन चालण्याइतके ते सावरले, बोलणंही बरंचसं परत आलं, पण उजवा हात काही परतला नाही. तो मांडीवर ठेवलेला असे. दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा.

जुना चाकू उघडायला दोन हात लागत. एकदा ताई खोलीत आली तर भाऊजी मूठ डाव्या हातात धरून पातं दातांनी ओढत होते. तिने चाकू काढून घेतला आणि कपाटात ठेवला. भाऊजींनीही तो पुन्हा मागितला नाही. त्यानंतर घरातली सगळी पाकिटं, सगळे डबे त्यांच्यापर्यंत येण्याआधीच उघडलेले असत. ताईला वाटे, त्यांना त्रास नको. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधीच उघडलेली पाहून ते हळूहळू बोलेनासे झाले.

मी रविवारी त्यांच्याकडे जात असे. एका रविवारी ताई आत गेलेली पाहून ते मला म्हणाले, "हिशेबनीस, बाजारात चल. चाकू घ्यायचाय. एका हाताने उघडणारा." मी वाणिज्य शाखेचा म्हणून त्यांनी मला लग्नाच्या मांडवातच हे नाव ठेवलं होतं.

"ताईला विचारलंत?"

"विचारलं तर ती नाही म्हणेल. मग भांडण. त्यापेक्षा आणू आणि मग भांडू."

कात्र्या-चाकूंच्या त्या दुकानात गल्ल्यावर एक बाई होत्या. त्यांनी भाऊजींच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता ट्रे काढला. पहिला चाकू अंगठ्याने झटकन उघडला, पण मिटेना. त्याचा खटका मुठीच्या आत होता, उजव्या अंगठ्याला सापडेल असा. डाव्या हाताने तो दाबायला गेलं की बोट नेमकं पात्याखाली येई.

"हे सगळे उजव्यांसाठी केलेले असतात," बाई म्हणाल्या.

"मीही तसाच केलेला होतो," भाऊजी म्हणाले. "नंतर बदल झाला."

बाई हसल्या आणि त्यांनी दुसरे दोन चाकू काढले. दोन्हींचा खटका मुठीच्या पाठीवर होता. अंगठ्याने तिथली पट्टी दाबायची, पात्याची पाठ मांडीला टेकवून ढकलायची, की चाकू मिटला. एक हलका होता, लोण्यासारखा उघडत-मिटत होता. दुसरा जाड पात्याचा, जड, आणि त्याची स्प्रिंग फार कडक. भाऊजींनी दोन्ही मिटून उलटे धरले आणि जोरात झटकले. हलक्याचं पातं जरासं बाहेर डोकावलं. दुसरा हलला नाही. मग तो उघडून त्यांनी पातं आडवं हलवून पाहिलं, कानाशी नेऊन खटक्याचा आवाज ऐकला. मिटायला मात्र त्यांना तीनदा जोर लावावा लागला. कपाळावर घाम आला.

"भाऊजी, तो हलका बरा," मी म्हणालो. "तुम्हाला आता पेट्यांवर आवळलेल्या पट्ट्या थोड्याच कापायच्यात?"

"खिशात आपोआप उघडणारा चाकू माणसाचा घात करतो," ते म्हणाले. "रोज बाळगायचा तर दणकट हवा."

पॅकिंगवाला चाकू निवडतो तो पट्टीकडे, पेटीकडे आणि खिशाकडे पाहून. हाताकडे पाहायची त्याला सवय नसते, कारण हात असतोच. भाऊजींनी कडक चाकू घेतला.

"टिकेल ना?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या नातवंडांना पुरेल," बाई म्हणाल्या.

घरी भांडण झालं नाही. ताईने चाकू पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोघं मिळून शहाणे." मग भाऊजींना म्हणाली, "मिटून दाखवा." त्यांनी मिटून दाखवला. ती आत निघून गेली.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात एका रिकाम्या खोक्याला सुतळी बांधत होती. मी काही विचारणार तोच तिने डोळ्यांनी दटावलं आणि बाहेर आवाज दिला, "अहो, एक काम आहे."

खोकं मीच नेऊन त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी गाठीकडे पाहिलं. जन्म बांधण्यात गेलेला माणूस. हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या ताईची गाठ आहे ही. तिचा पीळ कायम उलटा पडतो." मग अंगठ्याने चाकू उघडला, सुतळी कापली, चाकू मिटला आणि मोठ्याने म्हणाले, "झालं गं. कुठून आलं होतं?"

"आलं होतं असंच," ताई आतून म्हणाली.

असं बरेच महिने चाललं. खोकी येत राहिली. कधी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, कधी कपड्यांचं बोचकं. दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नाही. भाऊजी पुन्हा बोलू लागले. ताईच्या खुर्चीखाली कापलेल्या सुतळीचे तुकडे दिसत, तेच जोडून ती पुढचं खोकं बांधी.

मग थंडीत त्यांना आणखी एक झटका आला. अगदी लहान, डॉक्टरांनी औषध बदललं इतकंच. डाव्या अंगठ्यात थोडी कसर राहिली. भाऊजींनी ती कुणाला सांगितली नाही.

त्यानंतर एका दुपारी मी गेलो तेव्हा दार लोटलेलं होतं. ताई बाजारात गेली होती. भाऊजी खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, डाव्या हातात उघडा चाकू. पायाशी कापलेली सुतळी आणि एक खोकं. हात कोपरापासून थरथरत होता आणि पातं त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतं. चेहरा घामाने भिजला होता.

"भाऊजी, काय झालं?"

"मिटत नाही," ते म्हणाले.

"मग टेबलावर ठेवायचात ना."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. चाकू कधी उघडला होता ते मी विचारलं नाही. शेजारच्या टेबलावरचा चहा जसाच्या तसा होता आणि त्यावर साय धरली होती. मी हात पुढे केला, पण त्यांनी मान हलवली. "तिला येऊ दे."

आम्ही दोघं बसून राहिलो. ताई आली. दारातच तिने पाहिलं आणि हातातली पिशवी तिथेच ठेवली. ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"हा घे," भाऊजी म्हणाले.

जन्मभरात त्यांनी पहिल्यांदा आपला चाकू कुणाला देऊ केला होता. ताईने आधी त्यांच्या बोटांवर हात ठेवून थरथर थांबवली, मग मूठ सोडवून घेतली. तिलाही मिटता येईना.

"पाठीवरची पट्टी दाब. अंगठ्याने नाही, सगळ्या हाताने. आता पातं ढकल. बोट काढ आधी."

खटका वाजला. ताईने चाकू त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

त्या दिवसानंतर खोकी आली नाहीत. मी दोन रविवार पाहिलं, भाऊजी खिडकीशी बसलेले आणि ताई आत भांड्यांचा आवाज उगीच जास्त करत असलेली. तिसऱ्या रविवारी मी निघता निघता त्यांनी हाक मारली.

"अगं, एक काम आहे."

ताई ओले हात पुसत बाहेर आली. त्यांच्या उजव्या बाहीच्या टोकाला एक दोरा लोंबत होता. तो निर्जीव हात त्यांनी डाव्या हाताने उचलून तिच्यापुढे धरला. ताईने कमरेला खोचलेला चाकू काढला, दोन हातांनी उघडला आणि दोरा कापला. मग बाही नीट करण्यासाठी चाकू टेबलावर ठेवू लागली.

"आधी मिट," भाऊजी म्हणाले.