चिनी म्हातारीचा उतारा

परतूरच्या शाळेत मी इंग्रजीची पंडिता होते. हसू नका, तेव्हा कुणी हसत नव्हतं. परीक्षेत न शिकवलेला उतारा आला की बाकीच्या पोरींना घाम फुटायचा, आणि मी दोन्ही वेण्या मागं टाकून मान ताठ करून बसायचे. माझी युक्ती साधी. प्रश्नातला सगळ्यांत लांबलचक शब्द हेरायचा, तो उताऱ्यात हुडकायचा आणि ते अख्खं वाक्य पूर्णविरामासकट उतरवून काढायचं. उतारा गाईचा आहे का विमानाचा, असल्या फालतू चौकशा मी कधी केल्या नाहीत. मार्क पैकीच्या पैकी. सर माझा पेपर वर्गात फिरवायचे, आणि मला वाटायचं, आता लंडनवाले न्यायलाच येणार.

कुणी आलं नाही. पण एवढी विद्या वाया कशी घालवायची? मी ती नातीला दिली. तिला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं आणि प्रवेशपरीक्षेत इंग्रजी उताऱ्यांचाच भरणा. शिकवणीच्या सरांनी इंटरनेटवरून उतारे काढून दिले, ते चीनमधल्या अकरावी-बारावीच्या पोरांसाठी केलेले. मी म्हटलं, "देश कोणता का असेना, युक्ती तीच चालते."

एका संध्याकाळी ती कागद आपटत आली.

"आज्जे, तुझ्या युक्तीनं सगळे प्रश्न चुकले! असं चाललं तर पुणं विसरायचं मी."

उतारा एका चिनी म्हातारीचा होता. नात शहरात निघाली तेव्हा म्हातारीला काय वाटलं, असा प्रश्न, खाली चार पर्याय. आमच्या बाईसाहेबांनी 'आनंद' निवडलेला, कारण उताऱ्यात तोच शब्द होता. मीही तोच निवडला असता, वर पट्टीनं अधोरेखित केला असता.

"सगळा मराठीत सांग बरं," मी म्हटलं. उताऱ्यात काय लिहिलेलं असतं, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. म्हातारी म्हणते, जा, मला आनंदच आहे, घर शांत होईल. मग शिदोरी बांधते, सोडते, परत बांधते. बस गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत रस्त्यात उभी राहते.

"अगं, खोटं बोलून राह्यली ती!"

"कशावरून? तसं कुठंच लिहिलं न्हाई."

"आनंद झालेली बाई धूळ खात उभी राहते का? घरात जाऊन चहा टाकते!"

तिनं 'आनंद' खोडून 'दुःख' केलं आणि मागं उत्तर बघितलं. बराबर. त्या दिवसापासून माझी युक्ती बाद झाली. ती अख्खा उतारा वाचायची, मला मराठीत सांगायची, आणि मंग दोघी मिळून त्यातल्या माणसांच्या कुचाळक्या करायचो.

पुणं मिळालं. स्टँडवर मी तिच्या पिशवीतले धपाटे काढून दुसऱ्या फडक्यात बांधले. तेल गळत होतं, दुसरं काही नाही.

"जा जल्दी," मी म्हटलं. "मला बिलकुल वाईट वाटून राह्यलं न्हाई. टीव्ही तरी माझ्या हाती येईल."

बस हलली. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली, "आज्जे, घरी जा आता! चहा टाक!"

टाकणारच होते. पण धूळ जरा खाली बसायला नको?