कावळ्यांची राखण

कोंबड्या राखायला कावळे लावायचे, ही युक्ती माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. ते धूलकोटला एकटेच राहायचे. आजी केव्हाच गेली होती आणि आई त्यांची एकुलती एक मुलगी. माझे वडील कापसाच्या जिनात तोलारी होते, म्हणून आम्ही लालबाग या स्टेशनच्या गावात राहत होतो. आईच्या माहेरी जाण्याचं नाव काढलं की आमच्या घरात सगळ्यांच्या पोटात दुखायचं. वर्षाकाठी एकदा धूलकोट दिसलं तर दिसलं. आजोबांनी तिला एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आणून दिल्या होत्या. माहेरचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच होतं. त्या कोंबड्यांशी ती जितकं बोलायची तितकं आमच्याशीही बोलत नसे.

पण परसात शिकरा यायचा. कडुनिंबात दडून बसायचा आणि पिलू एकटं दिसलं की झडप घालायचा. आई थाळी बडवत धावेपर्यंत चार पिसं उरलेली असत. आजोबा आले तेव्हा तिनं त्यांना पिलांविना उरलेलं खुराडं दाखवलं आणि लहान पोरीसारखी रडली.

"कावळ्यायले जेवू घाल," आजोबा म्हणाले. "रोज सकाळी, एकाच जागी. जागा त्यायची झाली का मंग शिकऱ्याले तेच हाकलतीन. पन पिलं लहान हायेत तोवर टोपल्याखाली झाक. कावळा बी काही साधू नाही."

साधू तर तो नव्हताच. पहिल्या दिवसांत भाकरीचे तुकडे खाऊन वर अंडंही पळवलं मेल्यांनी. आईनं नेट सोडला नाही. मग एका सकाळी शिकरा निंबावर उतरला आणि सगळे कावळे एकदम त्याच्यावर तुटून पडले. कोण कुणाला मारतंय ते कळेना, इतका कालवा. शिकरा स्टेशनच्या दिशेनं पळाला. आई दारात उभी राहून हसत होती. मी तिला तशी हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

माझी आत्या, वडिलांची मोठी बहीण, विधवा होऊन आमच्याकडेच राहत होती आणि घर तिच्या शब्दावर चालायचं. तिला हे कावळे सुरुवातीपासून खुपत होते. "पितरायले पंधरा दिवस पुरतात. तू बारा महिने बोलावून राहिली," असं ती आईला ऐकवायची. आई ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा भाकरी टाकायची.

ज्येष्ठात त्याच निंबावर कावळ्यांनी घरटं केलं. आई झाडाखाली कोंबडी धरायला गेली आणि एका कावळ्यानं मागून येऊन तिच्या डोक्यावर चोच मारली. भांगाशेजारी रक्त आलं. आत्यानं ते ओसरीवरून पाहिलं आणि कावळा डोक्याला शिवला म्हणून ओरडली.

आमच्याकडे कावळा डोक्याला शिवला की मरण आलं असं समजत. त्याला उताराही ठरलेला होता. त्या माणसाच्या नातलगांकडे तो मेल्याची खोटी खबर पाठवायची. ते रडले की मरणाला वाटतं, आपलं काम झालं. एक रात्र रडणं होऊ द्यायचं आणि मग खरं कळवायचं. ज्याचं रडू आतून येईल अशाच माणसाला कळवावं, हीही त्यातली अट. मला आजही या अटीची चीड येते. जो सगळ्यात जास्त जीव लावतो, त्यालाच नेमकं शोधून काढायचं.

"अक्का, घरट्यात पिलं हायेत त्याचे," आई म्हणाली. "माही कोंबडी नाही का चोच मारत?" ती जखमेला हळद लावून कामाला लागली.

आत्यानं वडिलांना बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच जिनातला एक माणूस गाडीवाटेनं धूलकोटला गेला. आईला यातलं काही सांगितलं नाही.

त्याच्या दुसऱ्या सकाळी खरं सांगायला दुसरा माणूस निघाला, तेव्हा आत्या खुशीत होती. "टळलं बाई तुह्यावरचं," तिनं आईला सांगितलं, आणि कसं टळलं तेही सांगितलं. आई परस झाडत होती. तिनं झाडू खाली ठेवला.

"आबाले सांगितलं?" तिनं विचारलं.

"मंग कोनाले सांगायचं? तुले दुसरं हाये कोन?"

आबा म्हणजे तिचे वडील. तो दुसरा माणूस धूलकोटला पोचला तेव्हा त्यांच्या घराला कडी होती. रात्री खबर ऐकली तशी त्यांनी वाण्याला उठवून दुकान उघडायला लावलं होतं आणि लगेच निघाले होते. उन्हाळ्यात मढं किती वेळ ठेवणार, म्हणून त्यांनी गाडीवाट सोडून जंगलातली जवळची वाट धरली. त्यामुळे त्यांना वाटेत कुणी भेटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गावाच्या अलीकडे लाकूडवाल्यांना ते पडलेले दिसले. अंग भाजत होतं. त्यांनी लालबाग एवढंच सांगितलं, म्हणून गाडीत घालून त्यांना आमच्याकडे आणलं.

आईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडात पाणी घातलं. "आबा, मी हाये. पाहा ना, मी हाये," असं ती म्हणत राहिली. त्यांनी तिचा हात धरला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिलाच विचारलं, "माही पोर कुठं ठेवली?" पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. दिवस मावळायच्या आत गेले.

आत्या आईजवळ येऊन म्हणाली, "तुह्यावरचं त्यायनं घेतलं." ती समजूत घालत होती, हे मला आता कळतं. तेव्हा मला तिला ओचकारावंसं वाटलं होतं.

आजोबांच्या काखेत एक गाठोडं होतं. कुणीतरी ते सोडलं. आत कोरं हिरवं लुगडं निघालं. सवाष्ण मेली की तिच्या अंगावर माहेरचं हिरवं लुगडं घालतात, म्हणून त्यांनी ते वाण्याकडून घेतलं होतं. आत्या म्हणाली, हे घरात नको, नदीत सोडून द्या.

आईनं ते तिच्या हातातून घेतलं. "माह्या बापानं माह्यासाठी आनलं," एवढंच ती म्हणाली आणि तेराव्याला, सगळ्या पाहुण्यांच्या पंगतीत, ते नेसून वाढायला आली. वडिलांनी मान वर केली नाही. आत्यापुढे ती वाकून वाढत होती तेव्हा तो हिरवा पदर आत्याच्या पानाशी आला, आणि आत्या भरल्या पानावरून उठली.