सँपल फ्लॅटमधला पलंग

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगतो, बहुतेक वाचून हसतोय. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, वळणावरचं झाड... माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण माझ्या बाबतीत जे झालं त्यात भरदुपार आहे, एसी आहे आणि बिल्डरच्या ऑफिसातली सेल्सची मुलगी आहे. हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, मी कॉलेजात असतानाच गेले. आईने विक्रोळीच्या चाळीतल्या एका खोलीत एकोणचाळीस वर्षं काढली. त्या खोलीला दार एकच, बाहेरचं, आणि ते दिवसभर उघडं. साडी बदलायची तर मोरीत, पडद्याआड. सकाळी उठलं की पहिलं काम अंथरूण आवरायचं. चादरीची चौकोनी घडी, वर उशी, आणि सगळं कोपऱ्यात. नाही आवरलं तर दुसऱ्याला पाय ठेवायला जागा नाही.

मला आणि मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, टॉवरमध्ये घर हवं होतं. मुलुंड पूर्वेला, खाडीच्या बाजूला नवा प्रोजेक्ट येत होता. ब्रोशरवर निळंशार पाणी, फ्लेमिंगो आणि हसणारं कुटुंब. (ओहोटीला तिथे नुसता चिखल असतो आणि वास येतो, हे ब्रोशरवर नव्हतं.) त्यासाठी चाळीतली खोली विकावी लागणार होती, आणि खोली आईच्या नावावर.

"माझ्या घोवान घेतलेली जागा ती. मी नाय इकूचंय," आई म्हणाली. विषय संपला.

मग मी तिला सँपल फ्लॅट बघायला नेलं.

सँपल फ्लॅट होता तीन बेडरूमचा. त्यातली सगळ्यात लहान खोली खाडीकडची. आई आत गेली, इकडे तिकडे बघितलं, आणि सरळ पलंगावर आडवी झाली. सँपल फ्लॅटमधले पलंग मुद्दाम तोकडे बनवतात, म्हणजे खोली मोठी वाटते. माझे पाय बाहेर लोंबले असते. आई चणीने एवढीशी, तिला तो बरोब्बर पुरला.

"मरे! माझ्या मापाचोच केल्यानी," ती म्हणाली. मग मान वळवून, "दार खंय आसा हिका?"

खोल्यांना दारंही नव्हती. तीही मुद्दाम लावत नाहीत.

"लावतील गं. पझेशनच्या आधी लावतात."

"ही माझी?"

"तुझीच."

आठवड्याभरात तिने चाळीच्या कागदांवर सही केली.

आम्ही बुक केला होता टू बीएचके. एक बेडरूम आमची, एक मुलीची. आईसाठी हॉलमध्ये सोफा-कम-बेड. तिसरी खोली आमच्या आवाक्यात नव्हती. तसं सांगितलं असतं तर ती "हॉल पुरे रे" म्हणाली असती, हेही मला माहीत होतं. पण आधी सही हवी होती, आणि सही झाल्यावर सांगायची हिंमत होईना. मेधा म्हणायची, "अरे, सांगून टाक ना त्यांना!" मी म्हणायचो, पझेशनच्या वेळी बघू.

पझेशन काही येईना. आम्ही भांडुपला भाड्याने राहिलो. एक वर्ष, दोन वर्षं... आणि दर एक-दोन महिन्यांनी आईचं सुरू व्हायचं, "चल रे, माझी खोली बघून येवया." मी न्यायचो. सेल्सच्या मुलीला, श्वेताला, तिचा लळा लागला होता. ती तिला दहा मिनिटं पलंगावर पडू द्यायची. दाराशी व्हिजिटर रजिस्टर होतं. आई प्रौढ साक्षरता वर्गात लिहायला शिकलेली. कुठल्याही कागदावर आधी वर "श्री" काढणार, मग नाव, आणि ते नाव शेजारच्या रकान्यात घुसणार.

तिसऱ्या पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. चार दिवसांत गेली.

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. कठड्यावर बसून होता, पिंडाकडे बघायलाही तयार नाही. अर्धा तास गेला. मुलीचं लग्न करू, गावच्या देवीची ओटी भरू, सगळं बोलून झालं. शेवटी मामा वैतागला, "तिचा काय ऱ्हवला ता तू बोल रे!"

मी न मानणारा माणूस. पण उन्हात सगळे ताटकळले होते. मी हात जोडून मोठ्याने म्हणालो, "आई, तुझी खोली तुला मिळेल. दारासकट."

कावळा उडून आला आणि शिवला. सगळ्यांनी हुश्श केलं, जेवायची घाई सुरू झाली. मेधा तेवढी माझ्याकडे बघत राहिली. ज्याचा विश्वास नाही त्याने कावळ्याला तरी खोटं का सांगावं?

तेराव्यानंतर आठवडाभराने, दुपारी दीडच्या सुमाराला, ऑफिसात श्वेताचा फोन आला. आई गेल्याचं तिला कोणी कळवलं नव्हतं.

"सर, आज आजींना एकटंच पाठवलंत? आत पलंगावर बसल्यात. क्लायंट आलेत, त्यांना ती रूम बघायचीय... घ्यायला येताय ना?"

मी भडकलो. बरंच काही बोललो. मग म्हणालो, "अगं, माझी आई वारली. वीस दिवस झाले." मग फोन कट.

मी रिक्षा करून गेलो. श्वेता रडवेली होऊन बाहेरच उभी होती. सोबत एक गुजराती नवरा-बायको, घर बघायला आलेले. त्यांनी माझ्या आईला कधी पाहिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "हां, छोटीसी बुढी औरत थी. हरी साडी. अंदर सोई थी." खोली रिकामी होती. गेटवरच्या कॅमेऱ्यात दुपारभर कोणी म्हातारी आत आली नव्हती की बाहेर गेली नव्हती. ते फुटेज मी स्वतः दोनदा बघितलं.

रजिस्टरमध्ये त्या दिवशीची तिसरी नोंद आईची होती. वर श्री. खाली नाव, शेजारच्या रकान्यात घुसलेलं. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, "माझी खोली".

"काही बोलली का?" मी विचारलं.

श्वेताने डोळे पुसले. मग म्हणाली, "तुमचा फोन यायच्या... म्हणजे मी फोन करायच्या आधी, त्यांनी विचारलं, दार कधी लावणार. मी म्हटलं आजी, ही रूम थ्री बीएचकेमधली. तुमचा टू आहे ना, त्यात ही रूमच नाही. मला काय माहीत, सर... मला वाटलं त्यांना ठाऊक असेल."

"मग?"

"मग म्हणाल्या, 'बरा.' आणि उठून बसल्या. मी तुम्हाला फोन करायला बाहेर आले."

मी पुन्हा आत गेलो. मघाशी बघूनही दिसलं नव्हतं ते आता दिसलं. पलंगावरची डिस्प्लेची चादर काढून तिची चौकोनी घडी केली होती. वर उशी. आणि ते सगळं खोलीच्या कोपऱ्यात, खाली जमिनीवर ठेवलं होतं.

त्यानंतर ती तिथे कोणाला दिसली नाही. काही महिन्यांनी सँपल फ्लॅट पाडून तिथे गार्डन केलं. श्वेताने नोकरी सोडली. रजिस्टर कुठे गेलं कोणालाच माहीत नाही, त्यामुळे पुरावा मागू नका. भास म्हणावा तर तीन माणसांना कसा झाला, आणि घडी कोणी घातली?

आता आम्हाला नव्या घरात दोन वर्षं होत आली. सतराव्या मजल्यावरून खाडी छान दिसते, पाहुणे फोटो काढतात. ऑफिसला जाताना मी हॉलमधला सोफा-कम-बेड उघडतो, त्यावर चादर अंथरतो, उशी ठेवतो. संध्याकाळी येऊन आधी तिकडेच बघतो.

चादर असते तशीच असते. अंथरलेली.